टोक सरळ होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. ते आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचतायत – मथळे मोठ्यानं वाचायची सवय आहे त्यांना – आणि मी इथं स्वयंपाकघरात भाजी निवडायची म्हणून बसलेय आणि तुम्हाला हे सांगतेय. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. बरंच आहे. ओळखीच्या माणसाला काही सांगायला गेले की मी ते गोड करून सांगते, ही माझी जुनी खोड आहे.

तसं बघितलं तर एका शब्दाची गोष्ट. मी एक शब्द खोटा बोलले. आता तुम्ही म्हणाल, एवढंच? मी सरकारी दवाखान्यात नर्स होते हो, खोटं बोलणं हा नोकरीचाच भाग. दुखणार नाही हं. झालंच आता. परवा घरी जाल. एकही शब्द मला कधी टोचला नाही. मग हाच का टोचावा? – थांबा, आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही.

हे चित्रकलेचे शिक्षक. संगमनेरात शाळेवर सगळी नोकरी गेली, आता निवृत्त. सगळं गाव सर म्हणतं. मला मात्र ते सिस्टर म्हणतात. लग्नाआधी हाताला टाके पडले म्हणून आमच्या वॉर्डात आले होते, तेव्हापासून तेच. घरात दुसरं कुणी नसलं की सिस्टर, चहा. सिस्टर, माझा चष्मा कुठंय.

आम्ही ख्रिस्ती. ह्यांचे आजोबा नगरला एका मिशनरी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं आजोबांना एक लोकरीचा कोट दिला आणि एक मासे धरायची काठी. कोट कसरीनं खाल्ला. काठी राहिली. बांबूची, चिरून परत जोडलेली, पितळी टोपणांनी तीन तुकडे एकात एक बसतात. ह्यांनी तिला तेल लावून लावून अशी ठेवली होती की लोकांना वाटायचं वाद्य आहे काहीतरी.

ह्या काठीनं मासा धरायची रीतच वेगळी. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, शिसं नाही. गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस आणि माझ्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा गुंडाळून एक खोटी माशी करायची. ती नुसत्या दोरीच्या झोक्यावर हवेतून जाते आणि पाण्यावर अलगद टेकते. मासा वर येतो. पिसं मागायला हे चिकनवाल्याकडं जायचे, त्याची समजूत अशी की सर पिसांचं काहीतरी औषध करतात. मी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. मासे धरायचे आणि परत सोडून द्यायचे, हे त्याला काय सांगणार? माझा भाऊ तर तोंडावर म्हणायचा, दाजी महाशीर सोडून येतात आणि येताना बाजारातून बोंबील आणतात.

हो, सोडून द्यायचे. एकही मासा घरी आला नाही. गळाला जो उलटा काटा असतो, तो हे पकडीनं चपटा करून टाकायचे, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ लगेच निघावा. ओल्या हातानं मासा धरायचा, पाण्यातच, तोंड प्रवाहाकडं करून. त्याला दम आला की हात मोकळे करायचे.

जागा भंडारदऱ्याच्या धरणाची, मागच्या बाजूला, जिथं एक ओढा पाण्याला मिळतो. तिथं सावळेरामचं भाताचं शेत थेट पाण्याला टेकलेलं. शनिवारी दुपारी एसटीनं राजूर, तिथून जीप, मुक्काम सावळेरामच्या पडवीत, आणि रविवारी उजाडलं की पाण्यावर. ह्यांना ते पाणी फार आवडायचं. साहेबाच्या मुलखात म्हणे सामन नावाचा एक मासा असतो, मूळचा समुद्राचा. कधीतरी तो नदीनं चढून एखाद्या तळ्यात आला आणि मागची वाट बंद झाली. मग तो तळ्यातलाच झाला. समुद्र कसा असतो हे पुढच्या माशांना माहीतही नाही, तरी ओढे भरले की त्यांची धडपड सुरू. आपला महाशीर तसाच, हे म्हणायचे. प्रवरेला भिंत घातली, हा वर अडकला. कुणाला दोष देत नाही, आहे त्या पाण्यात मोठा होतो. मी म्हणायचे, मीसुद्धा नगरची, इथं येऊन अडकलेच की. त्यावर ते हसायचे आणि म्हणायचे, तुला कुणी भिंत घातली सिस्टर, एसटी आहे की.

पण रविवार. रविवारी चर्च असतं ना. महिन्यातून दोन रविवार हे पाण्यावर आणि मी बाकावर एकटी. मंडळीतल्या बायका विचारायच्या, सर कुठं आहेत? मी सांगायचे, पाण्यावर गेलेत. मग त्यांचे ते चेहरे. पाळकसाहेबही एकदा उपदेशात म्हणाले की येशूचा शिष्य पेत्र मासे धरायचा, पण प्रभूनं हाक मारल्यावर त्यानं जाळी टाकून दिली. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, जाळी टाकली असेल, काठी टाकली असं कुठं लिहिलंय? तेव्हा मी हसले. पण मला हसू आलं नव्हतं.

आता गाठीचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. माशी ज्याला बांधायची तो शेवटचा धागा म्हणजे बारीक तंगूस. केसाएवढा. त्याची गाठ हे स्वतः बांधायचे, थुंकी लावून ओली करून, हळूहळू ओढून. ह्यांचं म्हणणं, गाठ ही माणसाची जबाबदारी. मासा ताकदीनं दोर तोडून गेला तर तो त्याचा पराक्रम. पण गाठ सुटून गेला तर तो आपला गळ तोंडात घेऊन गेला, आपल्या आळसापायी. आणि कुठलं काय झालं ते कसं ओळखायचं? परत आलेल्या दोऱ्याचं टोक बघायचं. गाठ सुटली असेल तर टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं येतं. तुटला असेल तर सरळ. हे मला त्यांनी कितीदा दाखवलं असेल. इतक्या वर्षांत माझी गाठ सुटून एक मासा गेला नाही सिस्टर, असं म्हणायचे. ह्या माणसानं आयुष्यात दुसरी कसली बढाई मारलेली मी ऐकली नाही.

मग ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. एकात जास्त, दुसऱ्यात कमी. पिकू दे, मग करू ऑपरेशन, असं चाललेलं. एकटं पाठवायला मला धीर होईना, म्हणून मी बरोबर जायला लागले. पाण्यावर आमचं काम वाटून घेतलेलं होतं. माशीच्या बारीक भोकातून तंगूस मी ओवायची. गाठ ते बांधायचे – ती त्यांच्या बोटांना पाठ होती, डोळे लागत नव्हते. गाठ आवळली की एक छोटं शेपूट उरतं, ते मी कापायची. माझ्याकडं टाक्यांची कात्री होती, दवाखान्यातली, टोकाशी वळलेली. ते गाठ झाली की डॉक्टरासारखा तळवा पुढं करायचे आणि म्हणायचे, सिस्टर, कात्री. मी कापायची. धरणाच्या पुढच्या बाजूला शेंडी गावातल्या हॉटेलांवर सहली उतरायच्या, आणि इकडं आम्ही दोघं म्हातारे चिखलात उभे राहून ऑपरेशन करतोय. खरं सांगते, ते दिवस मला आवडायला लागले होते. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्या वर्षी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला आम्हा बायकांचं गाणं होतं. हंगामाचा सण म्हणजे लोक शेतातलं काहीबाही आणतात – ज्वारीची कणसं, भोपळा, ऊस, कुणी कोंबडी – वेदीपुढं मांडतात, मग लिलाव होतो, जेवण होतं. वर्षातला मोठा रविवार. गाण्यात एक कडवं मी एकटीनं म्हणायचं होतं. आवाज बरा आहे माझा, पण आजवर मागच्या रांगेत उभी. दवाखान्याच्या ड्यूट्यांमुळं तालमींना जाताच यायचं नाही. ह्या वेळी मी सगळ्या तालमी केल्या. आंघोळ करताना म्हणायचे, कणीक मळताना म्हणायचे. ह्यांनी ऐकलं होतं सगळं. आणि मग पाळकसाहेबांना कुठंतरी जायचं निघालं आणि सण एक आठवडा पुढं गेला. नेमका आमच्या भंडारदऱ्याच्या रविवारावर.

हे म्हणाले, तू थांब. मी जाईन एकटा. पाणी आता निवळलंय, पुढच्या खेपेला असं राहणार नाही. हे अगदी सरळ म्हणाले होते हो. टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. मी फक्त बरं म्हणायचं होतं. किंवा म्हणायचं होतं की ह्या वेळी तुम्ही थांबा, माझं गाणं ऐका. थांबले असते. मला पक्कं माहीत आहे, ते थांबले असते.

मी काय म्हणाले? म्हणाले, एकटे कसे जाल, दिसतंय का डोळ्यांनी. आणि दशम्या बांधल्या. मला वाटलं, ह्यांना कळेल. मी केवढं सोडून आलेय हे ते एसटीत तरी बोलतील, राजूरला तरी बोलतील. ते म्हणाले, बरं झालं आलीस. बस. त्यांना वाटलं मला यायचंच होतं. का वाटू नये? मी तसंच दाखवलं होतं.

सकाळी पाण्यावर उभे राहिलो. भात कापून झालेलं, खाचरात भारे पडलेले, थंडी. पाणी इतकं स्वच्छ की खालचे गोटे मोजावेत. मी तंगूस ओवला. ह्यांनी गाठ घेतली, थुंकी लावली, आवळली. तळवा पुढं केला. सिस्टर, कात्री. आणि नेमकं तेव्हा माझ्या मनात आलं की आता तिकडं घंटा होत असेल. आता माझं कडवं लीलाबाईला दिलं असेल, आणि ती वरचा सूर चोरणार.

मी शेपूट कापलं. आणि कात्री काढून घ्यायच्या आधी – पात्याचं टोक मुख्य धाग्यावर टेकवलं, गाठीच्या अगदी वर, आणि किंचित दाबलं.

चुकून झालं नाही. सगळी नोकरी मी टाके काढले आहेत. तान्ह्या बाळांचे काढलेत, म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या कातडीवरचे काढलेत. माझी कात्री नको तिथं लागत नाही. तंगुसाला चीर गेली ती मला हाताला कळली. मी काय योजलं होतं म्हणाल, तर काही नाही. एवढंच की माझं गाणं हुकलं, आज तुमचाही मासा हुकू दे. चार बोटांचा मासा हुकेल, चडफडतील, नवी माशी बांधू. तेवढ्यानं माझं समाधान झालं असतं. इतकी मी क्षुद्र, हे आधी मला माहीत नव्हतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. ह्यांची दोरी हवेत जायची, यायची. मी दगडावर बसून होते, आणि राग निवत चालला होता. दोनदा वाटलं, म्हणावं, अहो आणा इकडं, जरा बघते गाठ. पण मी म्हणाले नाही. मग ओढ्याच्या तोंडाशी पाणी फुगल्यासारखं झालं, आणि काठी अशी वाकली की मी उठून उभी राहिले.

तो मासा मी पाहिला. खरंच पाहिला. एकदा पालथा झाला तेव्हा बाजू दिसली, पिवळी, खवले पितळी चकत्यांसारखे. ह्यांनी असा मासा उभ्या आयुष्यात गळाला लावला नव्हता. दोरी सोडायचे, तो थांबला की गोळा करायचे, परत सोडायचे. हात इतके शांत. खूप वेळ चाललं ते. वर खळ्यावर सावळेराम भात झोडत होता, तो काम टाकून धावत आला. आणि मी बरोबर आणलेली दांड्याची जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी, आणि मनात प्रार्थना चाललेली – तुम्हाला हसू येईल – की देवा, तेवढा धागा टिकू दे. कात्री माझीच, प्रार्थनाही माझीच.

जाळीपासून हातभर अंतरावर तो सुटला. आवाज झाला नाही. काठी सरळ झाली, एवढंच.

सावळेराम म्हणाला, "सर, म्या पायला. लई मोठा हुता. पार पाठ दिसली त्याची."

ह्यांनी दोरी गोळा केली. टोक हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. दिसेना. मग माझ्याकडं दिलं आणि विचारलं, "बघ गं. वळलंय, का सरळ आहे?"

टोक सरळ होतं. मी ते बघितलं. अर्धं कापल्यासारखं सपाट आणि अर्धं ताणून तुटलेलं, बारीक कुसासारखं. कुणालाही कळलं असतं.

मी म्हणाले, "वळलंय."

आणि कात्रीनं ते टोक कापून चिखलात टाकलं.

तो शब्द का बोलले? सरळ आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोठा मासा होता, त्यानं तोडला, पराक्रम त्याचा. ह्यांनी सावळेरामला वर्षभर ते वर्णन करून सांगितलं असतं. कात्रीचा संशय त्यांना जन्मात आला नसता. पण मी घाबरले होते. मला वाटलं सरळ म्हटलं की ते विचारतील, कुठं तुटलं, कसं तुटलं, टोक सावळेरामला दाखवतील. वळलंय म्हटलं की प्रश्न संपतो. दोष त्यांच्याकडं जातो आणि ते विचारायचे थांबतात. हे सगळं मी त्या क्षणी ओळखलं. दवाखान्यात असंच असायचं, झटकन ठरवायचं आणि चेहरा हलू द्यायचा नाही.

हे नुसतं "अच्छा" म्हणाले. दगडावर बसले. सावळेराम म्हणाला, "आवो सुटनारच की सर, जनावर केवढं हुतं." हे म्हणाले, "नाही रे. त्याचा काय दोष." मग हात उलटे-सुलटे करून बघत राहिले, जसे काही दुसऱ्याचे आहेत.

परतीची एसटी वाटेवरच्या अकोल्याला थांबली. तिथं हे म्हणाले, थुंकी लावायला विसरलो असेन. मी त्यांच्या शेजारी बसलेले. ते विसरले नव्हते. मी बघितलं होतं. मी म्हणाले, असेल.

पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे स्वच्छ. मला वाटलं आता जातील परत, आणि सगळं आपोआप मिटेल. तर हे जेवणाच्या टेबलावर बसून गाठी बांधायचे आणि ओढून बघायचे. धागा तुटेस्तोवर ओढायचे. शेवटी काहीतरी सुटणार नाहीतर तुटणारच, नाही का? एक दिवस सगळं आवरलं. काठी कपाटावर ठेवली. म्हणाले, ज्याला गाठ मारता येत नाही त्यानं माशाच्या तोंडात गळ टाकू नये.

मी सुटकेचा श्वास सोडला हेही सांगून टाकते. रविवार मोकळे झाले. आता हे दर रविवारी माझ्या शेजारी बाकावर बसतात. पाळकसाहेबांनी सगळ्यांपुढं त्यांचं स्वागत केलं. बायका म्हणाल्या, तुमची प्रार्थना फळाला आली. मी मान हलवली. पुढच्या हंगामाच्या सणाला माझं कडवं झालं, छान झालं, पहिल्या बाकावरून हे ऐकत होते. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पण ते गाठीपाशी थांबलं नाही ना. दर नव्या वर्षी चर्चच्या फलकावर बायबलातलं वर्षाचं वचन हे ब्रशनं लिहायचे, सुंदर लिहायचे. त्या वर्षी म्हणाले, हात चालत नाही, फ्लेक्स करून घ्या. मग कुलूप लावलं की, बघ गं नीट लागलंय का. गॅस बंद केला की, बघ गं. बुटाची नाडी बांधतात आणि पाय पुढं करतात, मी ओढून बघते, बसलीय म्हणते, तरी सोडतात आणि म्हणतात, तूच बांध. सगळीकडं माझी साक्ष लागते आता. माझा शब्द त्यांना स्वतःच्या हातापेक्षा खरा वाटतो. कुणाचा शब्द, माझा.

मुलगी पुण्याहून आली, घाबरली, बाबांना कंपवात तर नाही ना. नगरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हात पुढं करायला लावले, बोटांनी नाकाला शिवायला लावलं, मग कागद दिला आणि म्हणाले, आतून बाहेर एक वेटोळं काढा. ह्यांनी पेन घेतलं आणि काढलं. कंपासनं काढावं तसं. डॉक्टर म्हणाले, सर, ह्या हातांना काहीसुद्धा झालेलं नाही, माझ्यापेक्षा स्थिर आहेत. हे हसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर असेल. पण माझी गाठ सुटली होती. हिनं बघितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मुलीनं बघितलं. तिथं बोलायचं होतं मी. त्याहून सोपी जागा देव तरी कुठली देणार होता? मी पर्समधून रुमाल काढला आणि ह्यांना म्हणाले, चला, एसटी चुकेल.

सावळेराम अजून दर वर्षी भात निघालं की फोन करतो. सर, पानी निवळलंय, येनार का न्हाई? हे फोन माझ्याकडं देतात. मी सांगते, सरांना आता होत नाही हो. तो म्हणतो, व्हय, वय झालं. दर वर्षी. म्हणजे एका शब्दाची गोष्ट म्हणाले खरी, पण तो शब्द मी दर वर्षी नव्यानं बोलते.

सांगून टाक, असं तुम्ही म्हणाल. मीही मला म्हणते. चिडणार नाहीत ते. माशाबद्दल, कात्रीबद्दल एका दिवसात विसरतील, माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. पण ते एक विचारतील. डॉक्टरांकडं बसलो होतो तेव्हा तुला माहीत होतं? आणि मला हो म्हणावं लागेल. तेवढं हो म्हणायला लागू नये म्हणून मी गप्प आहे. दुसरं काही कारण नाही. त्यांना त्रास होईल म्हणून वगैरे मी मनाशी जुळवून बघितलं, ते खोटं आहे.

आमच्यात पाळकाजवळ जाऊन पाप सांगायची रीत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, त्याआधी थोडा वेळ सगळं चर्च गप्प बसतं आणि ज्यानं त्यानं देवाला आपलं सांगायचं असतं. त्या शांततेत मी काय करते माहीत आहे? बाहेर रिक्षांचे आवाज ऐकते.

परवा पहिला रविवार होता. भाकर झाली, मग द्राक्षरसाचं तबक आलं. पितळी, जड, त्यात इवलाले काचेचे पेले, काठोकाठ भरलेले. हे बाकाच्या टोकाला बसतात म्हणून चर्चच्या वडील मंडळीतले एक जण तबक त्यांच्याच हातात देतात. ह्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वळले आणि माझ्यापुढं धरलं. मी पेल्यांकडं बघत होते. एकाही पेल्यात रस हलला नाही.

ते हळूच म्हणाले, "सिस्टर, लवकर घे गं. माझ्या हातांचा भरवसा नाही."

मी दोन पेले उचलले. तबक पुढं गेलं. एक पेला त्यांच्या हातात दिला आणि एक मी प्याले.